62 वर वाचायचंय: आधी दळवी की पलित?

बासष्टवर, म्हणजे 1962 च्या भारत-चीन युद्धावर, एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं, असं विचारणाऱ्यांसाठी. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही फौजी माणसांची. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' (1969) आणि मेजर जनरल डी. के. पलित यांचं 'वॉर इन हाय हिमालय' (1991). तवांगकडच्या सीमेवरच्या थागला रिजवरून (डोंगरधारेवरून) चिन्यांना हुसकावा हा हुकूम दोन्हीकडे आहे, फक्त पलित तेव्हा दिल्लीत डायरेक्टर मिलिटरी ऑपरेशन्स, म्हणजे हुकूम निघाला त्या टोकाला, आणि दळवी 7 ब्रिगेड घेऊन नामका चू नाल्याकाठी, म्हणजे तो येऊन आदळला तिथे.

दळवी वाचताना खरंच संताप होतो. सुती कपड्यातले जवान, मोजकी काडतुसं, विमानातून टाकलेलं सामान दरीत जातंय, समोर उंचावर चिनी बसलेत त्यांना खालचं सगळं दिसतंय, आणि वरून म्हणे पुढे चला. 20 ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला, आपण पुलांवर डोळे लावून बसलेलो आणि ते आलेच दुसरीकडून, नाल्याचं पाणी ओसरलं होतं. 22 ला स्वतः दळवी पकडले गेले, मे 63 पर्यंत कैदेत. हा माणूस तटस्थ लिहील अशी अपेक्षाच चुकीची आहे, आणि मला तरी त्याचा राग पटतो. पण दिल्लीत काय चाललं होतं हे त्याने नंतर गोळा केलंय, डोळ्यांनी बघितलेलं नाही, तिथे जरा सांभाळून.

पलित वेगळं प्रकरण. हे पक्के लेखक, 71 च्या युद्धावरचं 'द लाइटनिंग कॅम्पेन' 72 लाच आलेलं, पण बासष्टवर लिहायला जवळजवळ 30 वर्षं घेतली. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं, फाइल कुठे अडली, मंत्री आणि जनरल यांच्यात काय बिनसलं, हे सगळं इथेच मिळेल. वाचायला जड आहे, मी मध्ये दोनदा सोडलं. आणि एक खटकतं, सेला खिंड लढवायच्या निर्णयात ते स्वतः होते, ती खिंड नोव्हेंबरात न लढताच सोडली गेली, मग त्या चॅप्टर्समध्ये इतिहासकार बोलतोय की आपली बाजू मांडणारा ऑफिसर, हे तुम्हीच ठरवा.

माझं मत विचाराल तर आधी दळवी. पलित आधी घेतलं तर नावं आणि फाइल्सच्या गर्दीत नाल्यावरची माणसं हरवतात, दळवीनंतर मात्र तीच मीटिंग वाचताना त्या टेबलावरच्या प्रत्येक वाक्याची किंमत कळते. एमपीएससी-यूपीएससीवाले, सिव्हिल-मिलिटरी रिलेशन्सवर निबंध लिहायचा असेल आणि वेळ नसेल, तर थेट पलित घ्या.

इंग्रजीचा कंटाळा असेल तर मराठीत मेजर जनरल शशिकांत पित्रेंचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' आहे, तेही फौजीच. आणि काहीही घ्या, तवांगचा नकाशा उघडा ठेवा शेजारी, नाहीतर त्सांगधर कुठे आणि झिमिथांग कुठे करत बसाल.