बोटं आखडल्यावर फोनशी बोलून कथा लिहिते आहे: काही महिन्यांच्या वापरानंतर

मला आमवात आहे. डॉक्टरांच्या कागदावर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि रोज सकाळी दोन्ही हातांची बोटं, मनगटं आवळलेली असतात. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, पेन तर दुपारपर्यंत धरवतच नाही. मी कथा लिहिते, आणि लिहायची माझी वेळ पहाटेची. म्हणून गेल्या दिवाळीनंतर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलून लिहायला लागले. आता पाऊस तोंडावर आलाय. माझ्यासारखे हात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव.

साधी, पुस्तकी मराठी तो फार चांगली पकडतो. निवेदन, वर्णन, मनातले विचार सलग बोलत गेलं तर परिच्छेदात एखाद-दुसरा शब्द सुधारावा लागतो. माझ्या फोनवर विरामचिन्हं मात्र पडत नाहीत, 'पूर्णविराम' म्हटलं की तो शब्दच उमटतो. त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर मी नवी ओळ घेते. अनुस्वार आणि न-ण दुपारी तपासते.

खरी अडचण संवादांची. माझ्या कथेतली माणसं कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली आहेत. ती 'काय करायलाईस?', 'आलो की रं' अशी बोलतात. फोन त्याचं 'काय करायला आहेस' करून टाकतो, आणि आक्काचा राग त्या सरळ वाक्यात उरतच नाही. २०१६ साली 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली आणि आमची बोली रोज संध्याकाळी घराघरांत ऐकू येऊ लागली. पुण्या-मुंबईची माझी भाचरं हौसेनं तसं बोलायची, मला त्याचा फार आनंद व्हायचा. फोनपर्यंत ती बोली अजून पोचलेली नाही. म्हणून संवादाच्या जागी मी फक्त बोलणाऱ्याचं नाव टाकते आणि संध्याकाळी बोटं सैल झाली की ते हातानं लिहिते. यात वेळ जातो, पण संवाद निदान पेठेतला राहतो.

ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ती गोष्ट म्हणजे थांबणं. हातानं लिहिताना मी वाक्याच्या मधोमध थांबायची. पेन कागदावर टेकलेलं, पुढचा शब्द अजून आलेला नाही, अशा अवस्थेत दोन-दोन मिनिटं जायची आणि त्यातच कथा पुढे सरकायची. माइकला हे चालत नाही. जरा गप्प बसलं की तो बंद होतो. सुरुवातीला त्या बंद होण्याच्या धास्तीनं मी काहीही बोलून टाकायची आणि ते लिखाण पसरट व्हायचं. आता वाक्य आधी मनात पूर्ण बांधते, एकदा पुटपुटते, मग माइक दाबते. वाक्यं लहान झाली आहेत. काही ठिकाणी ती पूर्वीपेक्षा चांगली झाली आहेत असं मला वाटतं, विशेषतः जिथे दुःखाबद्दल आहे तिथे. पण लांब, वळणं घेत जाणारं वाक्य मला या पद्धतीनं जमत नाही, आणि त्याची उणीव जाणवते.

अशा वेळी वि. स. खांडेकर आठवतात. १९३८ साली ते कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. शेवटच्या वर्षांत दृष्टी गेल्यावरही ते लेखनिकाला मजकूर सांगून लिहीत राहिले. विद्यापीठातल्या त्यांच्या स्मृती संग्रहालयात पूर्वीही गेले होते, पण या आजारानंतर गेले तेव्हा माझ्या मनात त्या लेखनिकांचाच विचार होता. समोर बसलेला माणूस आपल्यासाठी थांबतो. सांगणाऱ्याचा चेहरा बघून अजून वाक्य संपलेलं नाही हे त्याला कळतं. फोनमध्ये ते नाही.

गाणं आणि बोलून लिहिणं एकत्र जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी पहाट गाण्याशिवाय होत नाही. रेडिओ चालू ठेवून बोललं तर गायिकेचे शब्द थेट माझ्या परिच्छेदात येऊन बसतात. सतार किंवा बासरी मंद आवाजात लावली तर फारसं बिघडत नाही, तानपुरा तर उत्तम. गाणारा आवाज मी हातांच्या व्यायामासाठी राखून ठेवला आहे. कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडायच्या-मिटायच्या असतात. मी ते विलंबित तीनतालात, म्हणजे संथ लयीतल्या सोळा मात्रांत करते, आठ मात्रांत मूठ मिटायची, आठ मात्रांत उघडायची. नुसतं मोजत केलं की कंटाळून अर्ध्यावर सोडून द्यायची, तालात केलं की आवर्तन पूर्ण केल्याशिवाय हात बाहेर निघत नाही.

ऐकते ते बहुतेक जयपूर घराण्याचं. शाहू महाराजांनी या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेबांना इथे दरबारी आश्रय दिला, म्हणून ते गाणं आम्हा कोल्हापूरकरांना घरचं वाटतं. अतिगायनानं खाँसाहेबांचा आवाज बसला होता. तो परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीला घट्ट धरणारी गायकी त्यांनी घडवली. याच गावात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी पुढे तीच गायकी गात राहिल्या. पहाटे मुठी मिटताना या गोष्टीचा मला फार आधार वाटतो.

जी कथा लिहिते आहे ती हात आखडलेल्या एका बाईचीच आहे. आपल्या सिनेमांत आजार बहुतेक वेळा शेवट घेऊन येतो. नायक खोकतो, रिपोर्ट येतो, डॉक्टर चष्मा काढतात. २००४ चा 'श्वास' मला म्हणूनच जवळचा वाटतो. त्यात मुलगा वाचणार हे कळतं, पण दृष्टी जाणार हेही कळतं, आणि सिनेमा त्या दोन्हींच्या मधल्या वेळात राहतो. माझा आजार मारत नाही आणि जातही नाही. पोळी लाटताना तो असतो, कुलूप उघडताना असतो, लग्नात कुणी प्रेमानं हात दाबला की असतो. अशा आजाराची कथा मला कुठे सापडली नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आणि ती मोठ्यानं बोलून लिहिताना एक वेगळंच घडतं. घरात माणसं असतात. नायिका नवऱ्याला जे कधी म्हणाली नाही ते मला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत उघड्या आवाजात म्हणावं लागतं. रंकाळा तलावावर जाऊन पाहिलं, पण तिथल्या वाऱ्यानं निम्मे शब्द जातात. शेवटी गच्चीच्या जिन्यात बसते. काही वाक्यांना आवाज भरून येतो, आणि भरल्या गळ्यानं बोललेलं फोनला नीट कळत नाही. अशी वाक्यं मी पुन्हा पुन्हा म्हणत नाही. तेवढी हातानंच लिहिते, दुखलं तरी.

सोमवारी मी लिहीत नाही. रविवारी रात्री या आजाराचं औषध, मेथोट्रेक्सेट, असतं आणि दुसऱ्या दिवशी मळमळतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवते. नव्यानं सुरू झाली असेल त्यांनी धीर धरावा. गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात, आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं.

हे वापरावं का? कच्चा खर्डा काढायचा असेल तर नक्की. मी याच्याशिवाय या वर्षी एकही पान लिहू शकले नसते. पण एकदम कथेला हात घालू नका. आधी एखाद्या मैत्रिणीला लांब पत्र बोलून लिहा, आपला आवाज आपल्याच कानाला सवयीचा होऊ द्या. माइक तोंडापासून वीतभर लांब धरा आणि दर पानाला मजकूर कुठेतरी जपून ठेवा. दुरुस्तीसाठी शक्य असेल तर घरातल्या कुणाची तरी मदत घ्या. माझी पुतणी रविवारी येते, मी वाचते आणि ती विरामचिन्हं घालते, आणि मी मध्येच थांबले की तीही थांबते.