सर्व जाणणारा राम की न जाणणारा? नाटक लिहिणाऱ्यासाठी

राज्य नाट्य स्पर्धेसाठी रामकथेवर लिहायचं ठरलं की पहिला पेच पडतो तो राम कोणता घ्यायचा याचा. नागपुरात तो जरा जास्तच पडतो, कारण इथे दोन्ही राम घरचेच. शेजारच्या हिंदीभाषक घरात तुलसीदासांच्या रामचरितमानसाचा अखंड पाठ चाललेला असतो, आपण रामटेकच्या गडावर जातो, आणि रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत सगळे सोबतच असतो. भक्तीला काही फरक पडत नाही. संवाद लिहायला बसलं की मात्र वाल्मीकींचा राम आणि तुलसीदासांचा राम ही दोन वेगळी माणसं होतात.

मी आधी तुलसीदासांचा घेतला होता. 1574 साली लिहायला घेतलेल्या त्या ग्रंथाची भाषाच अशी आहे की चौपाई कानावर पडली तरी प्रवेश डोळ्यांसमोर उभा राहतो. शिवाय हा राम पूर्ण आहे, त्याला सगळं ठाऊक आहे. रावण येण्याआधीच तो सीतेला अग्नीत राहायला सांगतो आणि आश्रमात तिची प्रतिमा उरते. हे मर्म लक्ष्मणालाही कळलेलं नाही, असं तुलसीदास स्वतःच सांगतात.

तालमीत गाडं अडलं ते इथेच. सीता हरवल्यावर हा राम पक्ष्यांना, हरणांना, भुंग्यांना विचारत फिरतो: तुम्ही सीता पाहिली का? रामाचं काम करणाऱ्या मुलाने विचारलं, ‘याला सगळं माहीत आहे, तर हा विचारतो कशाला?’ लीला म्हणून, असं उत्तर मी दिलं. भक्ताला ते पुरतं. पण नटाला ते वाक्य उच्चारताना हातात काहीतरी धरायला लागतं, आणि ते मला देता येईना. सर्वज्ञाला खरा प्रश्न विचारताच येत नाही. प्रश्न गेला की संवादात उरतो उपदेश नाहीतर परीक्षा. दुसरं काहीही मी सांभाळून घेतलं असतं, अगदी लांबीसुद्धा.

वाल्मीकींच्या अरण्यकांडात हाच प्रसंग 60व्या सर्गात आहे. तिथे राम कदंबाला विचारतो, बिल्वाला, अर्जुनाला, अशोकाला, मग हरणाला, हत्तीला, वाघाला. कुणी बोलत नाही. पुढे तो इतका संतापतो की तिन्ही लोक जाळायला निघतो आणि लक्ष्मणाला त्याला आवरावं लागतं. युद्ध संपल्यावर, सीता अग्नीत शिरल्यावर देव येतात, तेव्हाही तो म्हणतो: मी स्वतःला दशरथाचा मुलगा, माणूसच समजतो, मी कोण, कुणाचा, कुठून आलो, ते तुम्ही सांगा. एवढ्या मोठ्या कथेच्या शेवटी नायक स्वतःबद्दल विचारतोय! या एका प्रश्नावर माझा तिसरा अंक उभा राहिला.

तरी तुलसीदासांचा राम नाटकाला चालतच नाही, असं मी म्हणणार नाही. बालकांडात सती त्याला रडताना बघते आणि तिला शंका येते, हा कसला परब्रह्म? ती सीतेचं रूप घेऊन समोर जाते. राम हात जोडतो आणि विचारतो, शंकर कुठे आहेत, आपण एकट्याच रानात का फिरता? सती हादरते. परत येऊन शंकराशी खोटं बोलते, आणि तिथून तिची गोष्ट दक्षाच्या यज्ञकुंडापर्यंत जाते. काय प्रसंग आहे! पण नायिका सती आहे. राम दोन ओळी बोलून निघून जातो. शंका घेणाऱ्या माणसावरच लिहायचं असेल तर बिनदिक्कत हाच राम घ्या.

महाभारतातला कृष्ण या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. स्त्रीपर्वात गांधारी त्याला विचारते, समर्थ असून तू हा संहार का होऊ दिलास? मग शाप देते, की 36व्या वर्षी तुझंही कुळ असंच संपेल. तो हसून म्हणतो, हे मला ठाऊकच आहे. सर्वज्ञ रंगमंचावर हवाच असेल तर त्याला प्रश्न विचारायला न लावता असा उत्तर द्यायला उभा करावा, असं मला वाटतं. दीर्घांकाला, म्हणजे एकाच लांब अंकाच्या नाटकाला, तेवढं पुरेल. तीन अंक त्याच्यावर पेलतील का, याची मला शंका आहे.

तुमच्या संस्थेत कसलेला कीर्तनकार असेल तर गणित बदलू शकतं. तो लीलाही खरी करून दाखवेल. नट नवखे असतील तर 60वा सर्ग आणि मानसातला तोच प्रसंग एका संध्याकाळी त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि कुठल्या रामाला ते आपणहून पुढचं वाक्य देतात ते बघून संहिता लिहायला घ्या.