धुळ्यात छापून घेतलेल्या गेंड्याच्या जर्सी

आमच्या अमळनेरच्या पोरांच्या फुटबॉल टीमला यंदा सोळा जर्सी हव्या होत्या आणि छातीवर गेंडा हवा होता. गावात दोन ठिकाणी विचारलं. वाघ, सिंह, गरुड तयार आहेत म्हणाले, गेंडा कोणी मागतच नाही. शेवटी धुळ्याला आग्रा रोडलगतच्या एका गल्लीत जिन्याखालचं छोटं दुकान सापडलं. मालकांना सगळे आप्पा म्हणतात.

आप्पांनी आधी विचारलं, "सर, हाऊ गेंडा कसाले?"

मला हेच कोणीतरी विचारायला हवं होतं. बाकावर बसलो आणि अमेरिकेतल्या रॉचेस्टर रायनोज (रायनोज म्हणजे गेंडे) या फुटबॉल क्लबची गोष्ट सांगितली. रॉचेस्टर म्हणजे कोडॅक कंपनीचं गाव, न्यू यॉर्क राज्यातलं. १९९६ साली तिथे दुसऱ्या श्रेणीचा हा क्लब उभा राहिला. बेसबॉलच्या मैदानावर खेळायचे, तरी सुरुवातीच्या वर्षांत मॅचला सरासरी दहा हजारांच्या वर माणूस यायचं. यूएस ओपन कपमध्ये वरच्या-खालच्या सगळ्या श्रेणींचे क्लब एकमेकांशी खेळतात. १९९९ च्या कपमध्ये त्यांनी शिकागो, डॅलस आणि कोलंबस हे वरच्या लीगमधले तीन क्लब एकामागून एक घरी पाठवले. त्यातला शिकागो तर आदल्या वर्षी लीग आणि कप दोन्ही जिंकलेला! फायनलला कोलोरॅडो. डग मिलर आणि यारी ऑलनट यांचे गोल, २-०. एमएलएस, म्हणजे ती वरची लीग, १९९६ ला सुरू झाली, तेव्हापासून तिच्या बाहेरच्या दुसऱ्या कुठल्याच क्लबला हा कप मिळालेला नाही.

अमेरिकेत खालची टीम जिंकली म्हणून वर चढत नाही, वरच्या लीगमध्ये जागा विकत घ्यावी लागते. मला हे फार लागतं. रायनोजनी वर जायच्या आशेने २००६ मध्ये स्वतःचं स्टेडियम उघडलं, पण बोलावणं आलंच नाही, वर पैशांची ओढाताण. २०१५ ला पुन्हा आपली लीग जिंकले, अख्ख्या साखळीत एकच मॅच हरून. २०१७ नंतर खेळ थांबला. तेव्हा इंग्लंडच्या लेस्टर क्लबकडून खेळणारा जेमी वार्डी भागीदार झाला, २०२२ ला नव्या नावाने एक हंगाम खेळले आणि २०२३ च्या मार्चमध्ये क्लब कायमचा बंद झाला.

आप्पा कात्री खाली ठेवून ऐकत होते. म्हणाले, "मंग ते साल बी टाकू ना, सर." म्हणून प्रत्येक कॉलरच्या आत, मानेला लागेल तिथे, १९९९ आहे. ही कल्पना त्यांची.

आता कामाबद्दल. कापड डॉट निट, हलकं. मे महिन्याच्या उन्हात पोरं तासभर पळाली तरी अंगाला चिकटलं नाही. छपाई सब्लिमेशनची, म्हणजे आधी कागदावर छापून उष्णतेने रंग कापडात मुरवतात, मग शिवतात. हात फिरवला तर गेंडा बोटाला लागत नाही. पहिल्या नमुन्यात शिंग इतकं बारीक आलं होतं की रानडुक्कर वाटावं. मी काही बोलायच्या आतच आप्पांनी तो बाजूला टाकला, मुलाला संगणकावर बसवलं आणि शिंगाची कड जाड करून घेतली. दुसरा नमुना बघून माझे डोळे भरून आले, खरंच सांगतो. त्या नमुन्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दर ३४० रुपये नग, नावासकट. सोळाच्या खाली मात्र दर चढतो.

तक्रारी दोन. आठ दिवस सांगितले होते, तेरा लागले; मला दोनदा एसटीने खेटा पडला. आणि पाठीवरचे नंबर नंतर ठरले म्हणून वेगळे चिकटवले, त्यातल्या ४ आणि ११ नंबरचे कोपरे तिसऱ्या धुण्यात उचलले. आप्पांनी ते बदलून दिले, पण तुम्ही जाल तेव्हा नंबर आधीच ठरवून न्या आणि गेंड्याबरोबरच छापून घ्या.

जुलैत मुलींच्या टीमच्या बारा टाकायच्या आहेत. बाही इंचभर लांब सांगितली आहे, आणि आप्पांनी गेंड्याची फाईल जपून ठेवली आहे.