सासूबाई, मी आणि गावातल्या सोयी : फोंडा तालुक्यात वर्षभर राहिल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग तपशील. गोव्यातल्या गावात सरकारी-बिनसरकारी सोयी भरपूर आहेत. पुण्यात आम्ही ज्या सोसायटीत राहायचो तिथे यातल्या निम्म्याही नव्हत्या. पण यातली जवळजवळ प्रत्येक सोय सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात घरात कोणीतरी धडधाकट माणूस आहे असे धरून चालते. तसे माणूस असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. नवरा-बायको दोघेही सकाळच्या बसने पणजीला नोकरीला जात असतील आणि मागे फक्त म्हातारी माणसे राहत असतील, तर तीनच्या वर द्यायला हात धजत नाही.

सासरे गेले आणि सासूबाई एकट्या पडल्या. देव, कुळागर (माडा-पोफळींची बाग) आणि चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची सजावट) सोडून त्या पुण्याला येणार नाहीत, हे कोणी विचारायचीही गरज नव्हती. माझी कंपनी घरून काम करू देते, म्हणून मी आले. नवरा येऊन-जाऊन असतो. मी मूळची सांगलीची, त्यामुळे गोव्याची कागदपत्रे हा माझ्यासाठी नवाच विषय. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे पंचायतीबद्दल चार शब्द येणार आहेत आणि मला इथेच नांदायचे आहे.

सगळ्यात जास्त वापरले ते आरोग्य केंद्र. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. सकाळी नऊच्या आत पोचलात तर साखर तपासून, डॉक्टरांना भेटून, गोळ्या घेऊन साडेदहाला बाहेर. दहाला गेलात तर बाराही वाजतात. गोळ्या फुकट, इन्सुलिनही फुकट. औषधे देणारी बाई मला फार आवडते. पाकिटावर ती एक-शून्य-एक असले काही लिहीत नाही. ‘चहाअगोदर’, ‘पेजेअगोदर’, ‘रात्री जेवल्यावर’ असे बॉलपेनने देवनागरीत लिहिते. सासूबाईंचा दिवस घड्याळावर नाही, सकाळी अकराच्या पेजेवर चालतो. त्या पाकिटांमुळे त्यांच्या गोळ्या चुकायच्या थांबल्या. पुण्यातल्या आमच्या महागड्या डॉक्टरांच्या छापील प्रिस्क्रिप्शनला हे जमले नव्हते.

एकदा काही औषधे संपली होती आणि आठवडाभर बाहेरून विकत घ्यावी लागली. तक्रार म्हणून नाही, नवीन येणाऱ्याला माहीत असावे म्हणून सांगते : शेवटच्या पानावर आलात की जा, शेवटच्या गोळीवर नको.

दुसरा प्रसंग शेजारच्या काकांचा. छातीत कळ आली, घाम फुटला. घरच्यांना आधी पित्त वाटले. १०८ ला फोन केला. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे आणि एक पैसा घेत नाहीत. पलीकडची मुलगी कोकणीत बोलली, त्यामुळे काकूंना घाबरलेल्या अवस्थेतही नीट सांगता आले. अडचण आली ती पत्त्याची. आमच्या वाड्यावर घर क्रमांक आहेत, पण ते कुठल्याच क्रमाने नाहीत, १४३ च्या शेजारी २१० आहे. शेवटी एक मुलगा स्कूटर घेऊन हमरस्त्यावर देवळाच्या कमानीपाशी उभा राहिला आणि गाडीला वाट दाखवत घेऊन आला. चढणीचा शेवटचा भाग गाडीला अरुंद पडला. काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेले. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण तिच्यापर्यंत माणूस पोचवायचे काम वाड्यावरच्या पोरांचे होते. ती पोरे सकाळी अकराला गावात नसती तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही.

पुढचे मला खरेच माहीत नव्हते. ‘स्टेमी गोवा’ म्हणून एक व्यवस्था २०१८ पासून चालू आहे. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो तिथूनच बांबोळीला गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातल्या, हृदयरोगतज्ज्ञांना पाठवतात आणि झटका आहे असे ठरले की रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देतात. मग पेशंट बांबोळीला. यात वाचतो तो वेळ. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळी गाठायला तास-दीड तास जातो, आणि तेवढ्या वेळात हृदयाचा स्नायू मरत राहतो. बाजारात हजारो रुपयांना मिळणारे ते इंजेक्शन काकांना मोफत मिळाले. काका आता रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातात आणि मला भेटले की पथ्याबद्दल रडगाणे गातात. या एका गोष्टीसाठी बाकी सगळ्याला माझ्याकडून थोडे झुकते माप आहे, हे वाचताना लक्षात ठेवा.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आम्ही सासूबाईंचे काढले. ही २०१६ ची सरकारी आरोग्य विमा योजना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. नोंदणीला अनुक्रमे २०० आणि ३०० रुपये. कार्ड दर वर्षी नवे करावे लागते, आणि बरीच माणसे इथेच मार खातात. कार्ड कपाटात असते, तारीख उलटून गेलेली असते आणि ते कळते इस्पितळाच्या खिडकीवर. दुसरे म्हणजे योजनेला ठरलेल्या उपचारांची यादी आहे. आमच्या ओळखीच्या एका घराला एका खासगी इस्पितळाने आधी ‘बसते’ म्हणून दाखल करून घेतले आणि बिलाच्या वेळी ‘बसत नाही’ म्हणून सांगितले. दाखल होण्याआधी मंजुरीचा कागद हातात मागा, तोंडी होकारावर जाऊ नका. पाच वर्षे गोव्यात राहिल्याशिवाय माझे नाव या कार्डावर चढत नाही. गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गृहआधार योजनेला तर १५ वर्षांची अट आहे, तोवर मी ज्येष्ठ नागरिक झालेली असेन.

मतदार ओळखपत्र मात्र इथल्या पत्त्यावर लवकर करून घ्या. २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागते, गोंयकारांना नाही. सून असलात तरी कागद बोलतो.

आता पंचायत. सचिव एकच आणि त्याच्याकडे आणखी एका पंचायतीचा ताबा, त्यामुळे तो आमच्याकडे आठवड्यातले ठराविक दिवस. ते दिवस दारावर लिहिलेले नाहीत. कारकुनाला फोन करून विचारायचे, आणि कारकुनाचा नंबर पंचाकडून घ्यायचा. एकदा हे कळले की काम वाईट नाही : घरपट्टी भरलेली असेल तर रहिवासाचा दाखला मला दुसऱ्या दिवशी मिळाला. माणसे उर्मट नाहीत, बसायला खुर्ची देतात, पुण्याच्या सुनेची चौकशीही करतात. पण नोकरी करणाऱ्याने त्या एका सहीसाठी रजा टाकायची?

हीच गोष्ट पलीकडच्या आजींच्या बाबतीत जास्त टोचली. त्यांना दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये येतात. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाची ही योजना वाड्यावरच्या कितीतरी म्हाताऱ्यांचे औषधपाणी चालवते. पैसे थेट बँकेत पडतात, मधे कोणाचा हात नाही. मात्र वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. आजींचा मुलगा वेर्णा औद्योगिक वसाहतीत पाळीवर, सून पणजीत दुकानात. दाखला राहिला, पैसे थांबले. आजींना वाटले योजना बंद झाली. त्या कोणालाच काही बोलल्या नाहीत, बाजारातून आणायचे तेवढे कमी केले. मला कळले ते त्या साखर तपासायला येईनाशा झाल्या तेव्हा. मग एक सकाळ त्यांना रिक्षात घालून सगळे फिरवले, कागद दिला, पैसे पुन्हा सुरू झाले. योजनेत खोट नाही, पैसे चोख येतात. पण ऐंशी पार केलेल्या बाईने आपण जिवंत आहोत हे दुपारी एकच्या आत सिद्ध करायचे, हे मला पटत नाही.

रस्त्यावरच्या दिव्याची कथा थोडक्यात. वळणावरचा दिवा पावसाळ्यात गेला. एका कार्यालयाने दुसरीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने पहिल्याकडे. शेवटी काम झाले ते खांबाचा क्रमांक लिहून दिल्यावर. खांबावर रंगवलेला आकडा असतो, त्याचा फोटो काढा आणि अर्जात तोच लिहा. ‘देवळाकडचा दिवा’ असे लिहिलेल्या अर्जावर कोणी काही करत नाही. लाईनमन मात्र सोन्यासारखी माणसे, जुलैतल्या पावसात रात्री झाड पडले तरी येतात.

कचरा : सुका कचरा आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी पंचायतीची गाडी नेते, ओला घरच्या माडा-पोफळींना. न विकला जाणारा प्लास्टिकचा भाग राज्याचे कचरा व्यवस्थापन महामंडळ गोळा करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना जाळायला पाठवते, हे इथे आल्यावर कळले. त्यानंतर मी पिशव्या धुऊन द्यायला लागले. गाडीची वेळ साडेआठ ते साडेनऊच्या मधे कधीही. पिशवी आदल्या रात्री बाहेर ठेवली की कुत्री फाडतात. ज्या घरांना सकाळी सातला कुलूप लागते त्यांचा कचरा मग नाल्यात सापडतो, आणि ग्रामसभेत शिव्या त्यांनाच.

फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर भाजी बाजारापेक्षा स्वस्त, बरीचशी बेळगावची. कांदा-टोमॅटोचे भाव भडकले की तिथे रांग लागते आणि दहाच्या पुढे खोके रिकामे. किराणा-खतासाठी फोंड्याला ‘बागायतदार’ ही सहकारी संस्था. सुपारीही तिथेच विकायला घालतो. हिशेब चोख, बाकी सांगण्यासारखे काही नाही.

सकाळच्या चौकटीबाहेरच्या दोन-तीन सोयी आहेत आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. पहिला पोदेर, म्हणजे पाववाला. तो पहाटे येतो तसा संध्याकाळीही येतो, आणि फाटकाला अडकवलेली उंड्यांची (गोल पावांची) पिशवी सकाळची तशीच दिसली की हाक मारतो. एकदा पलीकडच्या वाड्यावर एक गृहस्थ न्हाणीघरात पडलेले त्याच्यामुळे सापडले. दुसरी सोय पंचायतीच्या इमारतीतली वाचनाची खोली. संध्याकाळी उघडी असते, मराठी वर्तमानपत्रे सगळी येतात आणि पंखा चालतो. सभासद वाढले तर पुस्तके वाढवू म्हणतात. पुस्तकांसाठी मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाते, १८३२ पासूनची संस्था आहे. तिथल्या मराठी विभागात दिवस कसा जातो कळत नाही. आणि तिसरी, देवळातले सोमवारचे भजन. ही सोय कुठल्या खात्याच्या यादीत नाही, पण कोण आजारी, कोणाला बांबोळीला न्यायचे आहे, कोणाकडे गाडी रिकामी आहे, हे सगळे तिथेच ठरते. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी फोंड्याच्या इस्पितळात सोबत कोण जाणार हे मला तिथूनच आयते कळले. माझी मीटिंग होती हेही त्यांना माहीत होते. (कसे ते विचारू नका, गावात वायफायपेक्षा बातमी जोरात पळते.)

नव्याने येणाऱ्यांसाठी एक उपाय सांगते, आमच्याकडे चालतो आहे. चार घरांनी मिळून एका निवृत्त मास्तरांना गळ घातली. त्यांच्या पडवीत एक वही आहे. त्यात प्रत्येक घराची स्वास्थ्य कार्डाची तारीख, हयातीच्या दाखल्याचा महिना, औषधे संपायचा आठवडा आणि हमरस्त्यावर कोणी उभे राहायचे त्याचे नाव. कचऱ्याच्या पिशव्याही त्यांच्याच पडवीत ठेवून लोक कामाला जातात. मास्तर पैसे घेत नाहीत, मासळी घेतात.

इथे साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी होतात, त्यामुळे निदान तिथे नोकरदारांना जाता येते. ऑक्टोबरच्या सभेत आम्ही दोन गोष्टी लेखी मागितल्या : सचिवाचे दिवस दारावर लावा, आणि कचऱ्याची गाडी महिन्यातून एक रविवार तरी फिरवा. पहिलीला लगेच होकार आला, कागद अजून लागलेला नाही. दुसरीसाठी ‘ठेकेदाराला विचारतो’ असे उत्तर मिळाले. जानेवारीच्या सभेत काय होते ते बघून तारे वाढवायचे की कमी करायचे ते ठरवीन.