रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांसाठी : व्हॉल्यूम कंट्रोलचा आठ महिन्यांचा अनुभव

लातूरला आमचं घर जुनं, बैठकीच्या भिंतीला लागूनच आबांची खोली. उन्हाळ्यात दिवसा कूलरच्या घरघरीत ऐकण्यात काही राम नाही, त्यामुळं माझं ऐकणं रात्री साडेदहानंतर आणि तेही एकदम हळू. म्हणून ॲम्प किती वॅटचा याच्यापेक्षा त्याचा व्हॉल्यूम खालच्या टोकाला कसा चालतो हे माझ्यासाठी लई महत्त्वाचं.

जुन्या इंटिग्रेटेड ॲम्पला (व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच डब्यात) साधा कार्बनचा पॉट होता, म्हणजे नॉबमागचा फिरता रेझिस्टर. नॉब घड्याळातल्या आठवर असला की तानपुरा डावीकडं सरकायचा, साडेनऊवर नेला की मधोमध यायचा, पण तोवर आबांचं खोकणं सुरू. मला वाटलं स्पीकर गेला, दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, तरी आवाज डावीकडंच. स्वस्त पॉटमध्ये दोन्ही चॅनेलचे ट्रॅक खालच्या टोकाला जुळत नाहीत, दोन-तीन डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक सहज पडतो. त्यात भर म्हणून खरखर. इकडची धूळ तर तुम्हाला माहितीच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवला की दोन-तीन महिने गप्प. आठवड्यातच परत खरखरला तर मात्र पॉटला दोष देऊ नका, पॉटच्या आधीच्या कपॅसिटरमधून डीसी (एकाच दिशेचा करंट) गळतोय का ते मेकॅनिककडून मोजून घ्या.

मग ६० वॅटचा, बिनव्हॉल्यूमचा पॉवर ॲम्प घेतला आणि डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) थेट त्याला जोडला, व्हॉल्यूम डॅकमध्येच. डावं-उजवं एकदम बरोबर. असा डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट (गाण्याचे बारकावे साठवणारे आकडे) जातात म्हणून लोक घाबरवतात. सहा डीबीला साधारण एक बिट हे खरंय, पण गाणं १६ बिटचं आणि डॅक २४ बिटचा असेल तर ४८ डीबी खाली येईपर्यंत मूळचं काही कापलं जात नाही. त्रास वेगळाच आहे. व्हॉल्यूम कमी केला तरी डॅकच्या ॲनालॉग भागाची सूसू आहे तेवढीच राहते, गाणं तेवढं खाली येतं, आणि रात्रीच्या शांततेत ट्वीटरजवळ (स्पीकरमधला उंच स्वरांचा भाग) ती ऐकू येते.

आणि मे महिन्यात वळवाच्या पावसात लाइट गेली, दोन मिनिटांत आली, लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि डॅक सुरू झाला तो थेट ० डीबीवर, म्हणजे फुल आवाजावर! आबा दचकून उठले, लेकरू रडायला लागलं, माझे तर हातपाय कापायला लागले. लाइट जाऊन आल्यावर तुमचा डॅक किती व्हॉल्यूमवर उठतो हे स्पीकर काढून आधी तपासाच. माझ्यात सुरुवातीचा व्हॉल्यूम ठरवायची सेटिंग होती, पण मेन्यूत पार आत.

आता चार महिने झाले डॅक आणि ॲम्पच्या मधे रिलेवाला अटेन्युएटर वापरायलोय. अटेन्युएटर म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, रिले म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच. चॅनेलला सहा रिले, एकेक डीबीच्या पायऱ्या, ६३ डीबीपर्यंत. आत पक्के रेझिस्टर, त्यामुळं धुळीची खरखर नाही, तानपुरा जागचा हलत नाही, आणि लाइट गेली की माझ्यातला आवाज बंद करूनच बसतो. फिरवताना टकटक होते, ती गाण्यात मधेच ऐकू येते, मला अजून खटकते.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त फरक पडला तो १० डीबीच्या साध्या अटेन्युएटरच्या जोडीनं, ॲम्पच्या इनपुटला लावायचे नळकांड्यासारखे असतात ते. डॅक देतो २ व्होल्ट, माझ्या ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) २९ डीबी, म्हणजे ८ ओमवर त्याला फुल व्हायला पाऊण व्होल्टच पुरतो. बाकीचं मी रोज नॉबवर मारत बसलो होतो! ते लावल्यावर सूसूसुद्धा १० डीबीनं खाली गेली. जुना इंटिग्रेटेड असेल तर पहिलं हेच करा, सोर्स आणि इनपुटच्या मधे लावा, नॉब आठवरून वर येतो आणि पॉट जिथं बरा जुळतो तिथं चालतो. मी हे शेवटी केलं. आता जुना ॲम्प तसाच अटेन्युएटर लावून आबांच्या खोलीत दिलाय, सकाळी पाचला ते त्याच्यावर हरिपाठ लावतात, आणि तो मधोमधच ऐकू येतो.