मोहर्ली, हिवाळा ते मृग: जेवण, भटकंती आणि सफारीचं वेळापत्रक

ताडोब्याचे वाघ बघायला येणारे बहुतेक जण जंगलाच्या गेटाशी असलेल्या मोहर्ली गावात फक्त झोपतात. पहाटे जिप्सीत बसायचं, दुपारची सफारी उरकायची आणि चंद्रपूरची वाट धरायची. मी कामानिमित्त हिवाळ्याच्या तोंडापासून मृगापर्यंत इथे खोली घेऊन राहिलो. त्यामुळे वाघ सोडून बाकी गावाबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट जेवणाची. इथली सगळी चूल सफारीच्या वेळेवर पेटते. सकाळच्या गाड्या आत गेल्या की गेटजवळच्या टपऱ्यांवर चहा आणि तर्री-पोहे निवांत मिळतात, गप्पांसकट. दहाच्या सुमाराला गाड्या परतल्या की तीच बाकडी गच्च भरतात. लाल धुळीने माखलेली माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "दिसला का?" त्या गर्दीत मिळणारे पोहे गार आणि तर्रीत पाणी जास्त. तेव्हा सफारी नसेल त्या दिवशी गाड्या आत असतानाच खाऊन घ्यावं.

रिसॉर्टमधलं बुफे जेवण मी दोन-तीन ठिकाणी खाल्लं. पनीर, मिक्स व्हेज, गुलाबजाम. वाईट नाही, पण हे नागपूरच्या कुठल्याही लग्नात मिळतं. खरं जेवण गावातल्या घरगुती खानावळींत. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी, वरण आणि भात. हा भाताचा पट्टा आहे, त्यामुळे भाताला नाव ठेवायला जागा नाही. गावरान कोंबडी हवी असेल तर मात्र आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. माझ्या रोजच्या खानावळीतल्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "भाऊ, कोंबडी पाहिजे तं सकाळीच सांगत जा, मग बोलू नका." सकाळी सांगितलं की रात्री चुलीवरचा काळसर रस्सा समोर यायचा. भाजलेलं खोबरं आणि खसखस पाट्यावर वाटलेली, वर बोटभर तेल. तिखट सोसत नसेल तर तेही सकाळीच सांगा.

एका ठिकाणी मात्र हिशेबात घोळ व्हायचा. शनिवार-रविवारी त्याच थाळीचा भाव वाढलेला, आणि हे कळायचं हात धुतल्यावर. नाव घेत नाही. बसण्याआधी भाव विचारा, एवढंच.

कोअरचं, म्हणजे आतल्या गाभ्याचं जंगल मंगळवारी बंद असतं. गाव बघायचं तर हाच दिवस. जिप्सीवाले, गाईड सगळे मोकळे असतात आणि वाघांच्या गोष्टी जंगलात पंचवीस मिनिटांत उरकतात त्या चहावर तासभर रंगतात. गोंडराजांच्या काळातले ताडोबा रस्त्याकडेचे दगडी खांब, त्यांना दोर आणि घंटा बांधून वर्दी कशी पोचवत असत, हे मला अशाच एका मंगळवारी ऐकायला मिळालं. ताडोबा तलावाकाठच्या तारू या आदिवासींच्या देवाच्या देवस्थानाला पौषात आदिवासी भाविक येतात, त्याच्याही गोष्टी तिथेच.

गावालगतचं इरई धरणाचं पाणी हिवाळ्यात पाहावं. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला जाणारं हेच पाणी. थंडीत त्यावर पाहुणी बदकं उतरतात. दुर्बीण न्या. संध्याकाळी काठाकाठाने एकट्याने भटकायची हौस मात्र आवरा. मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात, त्याही घोळक्याने आणि मोठ्याने बोलत. त्यांना जंगल आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आगरझरीचं फुलपाखरू उद्यान चंद्रपूरच्या रस्त्यावर आहे. पावसाळा नुकताच सरलेला असताना छान, एप्रिलमध्ये गेलात तर रिकामं. लहान मुलं बरोबर असतील तर तिथली नौकासफर उपयोगी पडते. जुनोन्याचा जुना तलाव मला जास्त आवडला, गर्दी नसते म्हणून.

खुद्द चंद्रपूर साधारण तीस किलोमीटरवर. अंचलेश्वर मंदिराशेजारची गोंडराजा बीरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने बांधून घेतली. वाघ दाखवून आणलेले पाहुणे मी हट्टाने तिथे नेले आणि एकानेही कुरकुर केली नाही. जटपुरा गेटची वाहतूक मात्र सहनशक्ती पाहते. परतीचा रस्ता जंगलातून आहे, अंधार पडायच्या आत गावात पोचा.

उन्हाळ्याबद्दल स्पष्टच सांगतो. वाघ पाणवठ्यावर दिसतात म्हणून सगळे मे महिन्यात येतात, पण दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीज गेली की कूलरही गप्प. गावात राहून खाण्या-फिरण्याची मजा घ्यायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, तेव्हा बऱ्याच खानावळीही शटर ओढतात. आधी फोन करून विचारल्याशिवाय निघू नका. आणि खिशात सुटे पैसे ठेवा. रेंज गेली की क्यूआर कोडचा फलक नुसता भिंतीवर लटकत राहतो.