स्पेनमधली बुलफाइट: तिकीट खरं, तरी फसवणूक

स्पेनमध्ये बुलफाइटच्या तिकिटात फसलेल्या पर्यटकाच्या हातात बहुतेक वेळा खरं तिकीट असतं. दारावर ते चालतंही. खोट असते जागेत, कार्यक्रमात नाहीतर किमतीत, आणि आत जाऊन बसेपर्यंत ती लक्षात येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी तिकीट वाचा.

माद्रिदचं लास वेंतास घ्या. 1931 सालचं हे रिंगण, जवळपास तेवीस हजार प्रेक्षक मावतात. गोलाकार बैठकीचे दहा भाग आहेत, त्यांना तेंदिदो म्हणतात. 1, 2, 9 आणि 10 सावलीत, 4 ते 7 उन्हात, 3 आणि 8 मध्ये सुरुवातीला ऊन आणि नंतर सावली. सावलीची जागा महाग, उन्हातली स्वस्त. रस्त्यावरचा विक्रेता "एकदम पुढची जागा" म्हणून तेंदिदो 5 किंवा 6 चं तिकीट सावलीच्या भावात गळ्यात मारतो. पुढची जागा हे खरंच असतं, फक्त सावलीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. संध्याकाळी सातचा खेळ म्हणजे ऊन उतरलेलं असेल असं आपल्याला वाटतं, पण जूनमध्ये माद्रिदला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. दोन-अडीच तासांच्या खेळातला बराच वेळ ऊन डोळ्यांवर, आणि बसायला दगडी पायरी. तिकिटावर 'सोल' म्हणजे ऊन, 'सोम्ब्रा' म्हणजे सावली, 'फिला' म्हणजे रांग. एवढं पाहिलं तरी निम्मा धोका टळतो. दगडावर टाकायची उशी आत थोड्या पैशांत भाड्याने मिळते, त्यासाठी वेगळं पॅकेज घेऊ नका.

दुसरी लबाडी कार्यक्रमात. पूर्ण कोरिदात, म्हणजे मोठ्या बुलफाइटमध्ये, तीन मातादोर (बैलाशी झुंजून त्याला मारणारे मुख्य खेळाडू) आणि सहा बैल असतात, बैल किमान चार वर्षांचे. नोवियादात शिकाऊ उमेदवार आणि तीन वर्षांचे बैल असतात, म्हणून तिकीटही कमी. उन्हाळ्यात लास वेंतासला अनेकदा नोवियादाच असते. काही एजंट तीच 'बुलफाइट शो' म्हणून कोरिदाच्या दरात खपवतात. भित्तिपत्रक बघा: 'तोरोस' (पूर्ण वाढलेले बैल) लिहिलंय की 'नोवियोस' (तरुण बैल)?

किमतीचा घोटाळा सगळ्यात सोपा. गाडी, गाइड, पेय असं सगळं जोडून पॅकेज फुगवतात. प्रत्यक्षात वेंतास मेट्रो स्टेशन, मार्ग 2 आणि 5, रिंगणाच्या दारातच आहे. तिकीट रिंगणाच्या खिडकीवर किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर घ्या आणि छापील किंमत स्वतः बघा. मोबाइलवरच्या पीडीएफचा स्क्रीनशॉट कुणी विकत असेल तर सरळ नकार द्या. एकच क्यूआर कोड चौघांना विकता येतो, आणि आत जातो तो ज्याचा आधी स्कॅन होतो तो.

बार्सिलोनात तर 'आजची बुलफाइट' विकणाऱ्याशी बोलायचंही कारण नाही. तिथली शेवटची कोरिदा सप्टेंबर 2011 मध्ये झाली, त्यानंतर बंदी आली. 2016 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, तरी खेळ परत सुरू झालेले नाहीत.

पाम्प्लोना शहरात सान फेर्मिन उत्सवाच्या दिवसांत, म्हणजे 6 ते 14 जुलै, आणखी एक डाव चालतो. सकाळी आठला बैलांपुढे धावण्याची शर्यत रिंगणात येऊन संपते, ती आत बसून पाहायचं तिकीट वेगळं आणि स्वस्त. संध्याकाळच्या कोरिदाचं वेगळं आणि मिळायला कठीण. सकाळचं तिकीट संध्याकाळच्या दरात विकलं जातं, म्हणून तारखेसोबत वेळही वाचा.

आणि एक थाप जिचा राग पैशापलीकडचा आहे. "बैलाला काही होत नाही, नुसता खेळ आहे," असं सांगून कुटुंबांना तिकिटं विकतात. स्पॅनिश कोरिदात बैल रिंगणातच मारला जातो, बहुतेक वेळा सहाच्या सहा. पोळ्याला बैलाला ओवाळणाऱ्या घरातली लहान मुलं सोबत असतील तर हे आधी माहीत असायलाच हवं. रिंगणात बैल न मारण्याची रीत पोर्तुगालची आहे, स्पेनची नाही.

परताव्याचंही बघून ठेवा. खेळ रद्द झाला किंवा जाहीर केलेला मातादोर बदलला, तर पैसे परत मागण्याचा हक्क असतो, पण मातादोर बदलला असेल तर तो खेळ सुरू होण्याआधी वापरावा लागतो. पहिला बैल रिंगणात आल्यावर पावसाने खेळ थांबला तर काही मिळत नाही. एजन्सीच्या दुकानातून तिकीट घेतलं असेल आणि ते हात वर करत असतील, तर तिथेच 'ओखा दे रेक्लामासिओनेस' मागा. हा तक्रारीचा अधिकृत कागद, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. पैसे कार्डाने भरलेले असतील तर बँकेकडेही दाद मागता येते.